वेगळा ठेवलेला पाना

पंपघराच्या पूर्वेकडच्या भिंतीत, छताच्या जरा खाली, लोखंडी जाळीचे झरोके होते. सकाळचं ऊन तिथून आत येई, पण एकदम येत नसे. आधी ते छताच्या कैचीवर पिवळसर भुकटीसारखं साचे. मग गिलाव्याचे ओले पोपडे चाचपत भिंतीवरून सावकाश खाली उतरे. दाबमापकाच्या काचेशी क्षणभर अडखळे. तेलाने काळवंडलेल्या फरशीवर आलं, की तिथल्या पाण्याच्या थारोळ्याला निळाजांभळा रंग फुटे, मोटारीच्या हिरव्या अंगावरची धूळ दिसू लागे आणि बाहेर गोदेवरचं धुकं विरत चालल्याचं आत बसूनच कळे. त्या उन्हात नवल असं काही नव्हतं. कामावर हजर व्हावं तसं ते रोज येई. पण झुंबर ते रोज पाहत बसे. बोलण्यापेक्षा पाहणं त्याला सोपं जाई.

शेवटी ऊन मोटारीच्या स्टार्टरशेजारच्या भिंतीवर पोचे. तिथे वणीच्या सप्तशृंगीची तसबीर होती. ज्याची पाळी, त्याने आधी तसबिरीपुढे उदबत्ती लावायची आणि मगच हँडल ओढायचं, असा त्या पंपघराचा शिरस्ता. नगरपालिकेच्या कुठल्याच नियमात तो नव्हता, आणि म्हणूनच बहुधा कधी चुकत नव्हता.

तीन वर्षांपूर्वी, अठ्ठ्याहत्तर साली, झुंबर इथे ऑपरेटर म्हणून लागला, त्या दिवशी मुख्य मिस्त्री गोरक्षनानांनी रीतीप्रमाणे काडेपेटी त्याच्यापुढे धरली होती. झुंबरचे आजोबा मंदिरप्रवेशासाठी नाशकातल्या देवळाच्या दारात मार खाऊन आले होते. पुढे सगळं घर बुद्धाच्या वाटेने गेलं आणि त्या दारातून आत जायची इच्छाच घरात कुणाला उरली नाही.  "नाना, मी हे करत नाही," एवढंच झुंबर कसाबसा म्हणाला.

"मग मोटार काय तुझ्याकडं बघून चालू होणार का?" फिटर देवराम हसला होता.

"मोटार विजेवर चालती, देवराम," नाना म्हणाले. "वढ रं पोरा हँडल."

मोटार चालू झाली. त्यानंतर झुंबरच्या पाळीत कधी उदबत्ती लागली नाही आणि कुणी विचारलंही नाही. संध्याकाळी त्याने आईला, विमलाबाईला, अभिमानाने सांगितलं, "सरकारी जागा आहे, आई. कायदा आपल्या बाजूने आहे. मला कुणाच्या उपकारात राहायचं नाही."

पण एक सल होता. दर खंडेनवमीला पंपघरातली सगळी हत्यारं पाटावर मांडून त्यांची पूजा होई आणि दसरा उजाडेपर्यंत त्यांना कुणी हात लावत नसे. पाणी मात्र थांबवता येत नाही. म्हणून त्या दिवशी पाळी पूजा न करणाऱ्या झुंबरची असे. आणि दर वर्षी त्याच्या पान्यांची पिशवी नाना स्वतःच्या हाताने उचलून दूर, खिडकीत ठेवून देत. सगळ्यांची हत्यारं झेंडूच्या माळेखाली एकत्र, आणि त्याची तेवढी खिडकीत! वेगळ्या ठेवलेल्या कपबशीची गोष्ट त्याने आईच्या तोंडून लहानपणापासून ऐकली होती. त्याने मनाशी अर्थ लावला, कुणाला विचारलं नाही, आणि नानांशी कामापुरतं बोलू लागला.

यंदाची खंडेनवमी नानांची शेवटची होती. महिनाअखेर ते निवृत्त होऊन दिंडोरीला शेतावर जाणार होते आणि त्यांची जागा देवराम घेणार होता. देवरामने आठवडाभर आधीच जाहीर करून टाकलं होतं, "एक तारखेपासून सगळ्यांना एकच नियम. ज्याची पाळी, त्यानं उदबत्ती लावायची. एकट्याला सूट कशाला?" ते ऐकल्यापासून झुंबरची झोप उडाली होती. नकार द्यायचा, तर सगळ्यांसमोर तोंड उघडावं लागणार होतं. गप्प राहायचं, तर काडी ओढावी लागणार होती.

नवमीच्या सकाळी तो आला तेव्हा खिडकी रिकामी होती. त्याची पिशवीही रिकामी. त्याचे पाने इतरांच्या पान्यांत मिसळून, हळदकुंकू लावून, पाटावर मांडलेले होते. नाना दारातून नुकतेच आत येत होते आणि पाटाकडे पाहून थबकले होते.

"यंदा सगळ्यांची एकत्र मांडली," देवराम खुशीत म्हणाला. "कसं दिसतंय?"

तेवढ्यात दोन नंबरच्या पंपाची, दांड्याभोवती पाणी अडवणारी ग्लँड सैल होऊन पाण्याची चिळकांडी थेट मोटारीच्या दिशेने उडाली. पंप बंद करावा, तर सणाच्या दिवशी अर्ध्या पंचवटीचे नळ कोरडे. आवळायचं, तर पाना पाटावर.

"हलवायची नाहीत हां!" देवरामने आडवा हात केला. "उद्याशिवाय नाही. थांबा, गोणपाट बांधतो."

"गोणपाटानं काय हुतंय?" नाना म्हणाले, पण ते स्वतः पुढे झाले नाहीत. त्यांनी झुंबरकडे पाहिलं. "पाना तुझा हाय. तू सांग."

झुंबर पाटाजवळ गेला. "देवरामदादा," तो म्हणाला, "तो पाना माझा आहे. पाटावर ठेवण्याआधी मला विचारायला हवं होतं." आणि त्याने पाना उचलला, चिळकांडीखाली धुतला आणि दोन्ही नट आलटून पालटून, हलक्या हाताने आवळत नेले. चिळकांडीची धार झाली, धारेचे थेंब झाले.

देवरामचा चेहरा पडला होता. "मी आपला समजून ठेवले रे. वेगळे ठेवले असते, तर म्हणाला असतास, वाळीत टाकलं!"

झुंबरच्या हातातला पाना तसाच राहिला. नेमकं हेच तर तो तीन वर्षं म्हणत आला होता, मनातल्या मनात, दुसऱ्याच माणसाविषयी. तो नानांकडे वळला. "नाना, मग तुम्ही का वेगळे ठेवत होता?"

"आता घ्या!" नाना म्हणाले. "पहिल्याच दिवशी तू म्हणलास ना, मी हे करत नाय. मानूस करत नाय, तर त्याच्या पान्याकडून कशाला करून घ्यायचं?"

"मला वाटलं..."

"काय वाटलं?"

झुंबरने रिकाम्या खिडकीकडे पाहिलं. नानांच्या ध्यानात आलं. मग त्यांचा आवाज उतरला. "वाटलं आसंल. तसं वाटायला आमच्या लोकांनी कारनं काय कमी दिली न्हाईत. तुला इचारून ठेवायला पायजे हुते. चुकलंच."



"म्हणजे उदबत्तीचंही तेच का?" देवरामने विचारलं.

"हो," झुंबर म्हणाला. या वेळी शब्द अडखळले नाहीत. "ज्याची इच्छा, त्याने आपल्या पाळीत लावावी. मी लावणार नाही. पाणी सगळ्या गावाचं आहे, दादा, आणि गाव काही एका देवाचं नाही."

देवरामने डोकं खाजवलं. "बरं. नाही लावायची तर नको लावू. पण तोंडानं सांगत जा बाबा. मनातलं ओळखायला मी काय नाना आहे?"

सगळे हसले, झुंबरही. नानांनी नारळ फोडला, वाट्यांचे तुकडे केले आणि एक तुकडा हातात घेऊन ते झुंबरपुढे येऊन थांबले.

"खोबरं चालतं का? इचारून देतोय."

"चालतं, नाना."

नाना त्याच्या शेजारी, मोटारीच्या ओट्यावर टेकले. गुडघे चोळत दिंडोरीच्या विहिरीविषयी, तिथल्या बिघडलेल्या इंजिनाविषयी काहीबाही सांगू लागले. झुंबर खोबरं चावत ऐकत होता. कायद्याने त्याला इथे जागा दिली होती, हे खरंच होतं, आणि ते खरं असणं गरजेचंही होतं. उद्या देवरामपुढे, परवा आणखी कुणापुढे, त्याला त्याच बळावर उभं राहायचं होतं. पण त्या जागेत तीन वर्षं सुखाने श्वास घेता आला, तो या माणसामुळे. नाना गेले काय, राहिले काय, आपल्याला सारखंच, असं तो आठवडाभर स्वतःला बजावत होता.

ते सारखं नव्हतं. त्या म्हाताऱ्यावर त्याचा जीव होता.