सुभेदार होडीत परत कसे चढले

मानसिंग सुभेदार फौजेतून सुटून सहा वर्षं झाली होती, पण फौजेतला आवाज काही सुटला नव्हता. सांगलीतल्या माजी सैनिकांनी डिसेंबरात मालवणच्या समुद्रात कयाक चालवायला जायचं ठरवलं, तेव्हा पहिलं नाव त्यांनीच दिलं. अट एकच होती. कयाक म्हणजे एका माणसापुरती अरुंद होडी. ती उलटली तर कुणाच्या मदतीशिवाय परत आत चढता आलं पाहिजे.

शिकवायला होती मदिहा, लेथवाल्या चांदसाहेबांची सव्वीस वर्षांची लेक. पोहण्याच्या तलावात ती घसा फोडून सांगायची, "काका, वल्ह्याच्या टोकाला ही हवेची पिशवी अडकवा. वल्हं होडीवर आडवं धरा. पाय मारत अंग पाण्यावर आणा आणि पोटावर सरकत चढा. छाती खालीच!"

सुभेदारांना पोटावर सरकणं मानवेना. ते भिंतीवर चढल्यासारखा गुडघा टाकायचे, आणि होडी त्यांच्यासकट पुन्हा उताणी. चार दिवसांत सोळा वेळा.

"तलावाचं पाणी पातळ हाय," ते म्हणाले. "त्यात जोर लागत न्हाई."

रविवारी सकाळी मदिहाला न विचारता त्यांनी होडी टेम्पोत घातली आणि कृष्णेवर गेले. सोबत जुना दोस्त बिराप्पा. तो भडंगाचा पुडा फोडून काठावर बसला आणि मोबाईल पुढं धरला. सुभेदार तरंगायचं जॅकेट घालून नदीत मधोमध गेले, मिशीवरून हात फिरवला आणि मुद्दाम होडी उलटी केली.

डोकं वर काढतात तोच बिराप्पा ओरडला, "मान्या, पलीकडच्या काठाला मगर हाय रं!"

"चेष्टा करू नगंस!"

"लय दांडगी हाय गड्या! उन्हाला पडलीया. तुझ्याकडंच बघतीया!"

सुभेदारांनी मान वळवली. मगर खरोखरच होती, चांगली बैलगाडीएवढी. त्यांच्या अंगातली अख्खी पलटण जागच्या जागी बरखास्त झाली. त्यांनी सवयीनं गुडघा टाकला. होडी उलटली, नाकात पाणी गेलं. पुन्हा टाकला, पुन्हा तेच.

"सरळ पवत ये की!" बिराप्पा ओरडला.

"एवढं अंतर पाय पाण्यात ठिऊन? तू ये की!"

मग त्यांनी मुकाट्यानं पिशवी काढली. फुंकायला दम पुरेना. एका फुंकरीला एक देव, असे गावातले सगळे देव संपले तेव्हा ती फुगली. पिशवी वल्ह्याला अडकवली, वल्हं आडवं धरलं, पाय मारले आणि ओल्या पालीसारखे ते पोटावर सरकत वर गेले. होडी डुगडुगली, पण वल्ह्यानं धरून ठेवली. तोंड होडीच्या शेपटाकडं, पाय आत, आणि ढुंगण आभाळाकडं, असे ते बराच वेळ पडून राहिले.

"मेलास का रं?"

"थांब की! वळतोय!"

ते इंचाइंचानं वळले, बसले आणि होडीतल्या हातपंपानं पाणी उपसू लागले. मगरीनं एवढ्या वेळात पापणीसुद्धा हलवली नव्हती.

बिराप्पानं व्हिडिओ लगोलग सगळ्यांना पाठवला. दुपारी मदिहाचा फोन आला. सुभेदारांनी शाबासकीच्या तयारीनं उचलला.

"काका, मगरीच्या नदीत एकटे उतरलात. मालवणच्या यादीतून तुमचं नाव काढून टाकलंय मी."

सुभेदारांनी फौजेतला आवाज पहिल्यांदाच खाली आणला. ते म्हणाले, "मॅडम, चुकलं. उद्या तलावावर येऊ का?"

"सहाला या. अन् एकदाही गुडघा टाकलात तर घरी."

महिनाभर ते पोटावरच चढले, तेव्हा मदिहानं त्यांचं नाव परत यादीत घातलं. डिसेंबरात मालवणला दुसऱ्याच लाटेनं त्यांना उलटवलं. सुभेदार चढले, आत बसले, खारट पाणी थुंकून समुद्राची आयमाय काढली आणि शेजारच्या होडीतल्या मदिहाला विचारलं, "मॅडम, नाष्ट्याला काय हाय?"