लाईन येईपर्यंत

कौशल्यानं जनरेटरच्या टाकीत कडुनिंबाची काडी बुडवली, बाहेर काढली आणि जिथवर ती ओली झाली होती तिथे नखानं खूण केली. मघाची खूण बरीच वर होती. तिनं काडी चिंधीला पुसून पुन्हा बुडवली. डिझेल तेवढंच निघालं.

पहाटे वावटळ उठली आणि प्रताप नगरच्या पलीकडे रस्त्यावरचे विजेचे खांब आडवे झाले, तेव्हापासून लाईन नव्हती. रात्रीपर्यंत येईल, नाही तर उद्या, असं लाईनमन सायकलवरून न उतरताच सांगून गेला होता. कौशल्याच्या नवऱ्यानं, रविंद्रनं, घरात होतं नव्हतं ते डिझेल टाकीत ओतलं, जनरेटर सुरू केला आणि रिकामे डबे सायकलला बांधले. त्या उन्हाळ्यात डिझेलची टंचाई होती, पंपापंपावर ट्रकांच्या रांगा लागत होत्या. निघताना त्यानं बायकोला बजावलं, की टाकी दिवेलागणीपर्यंत आरामात पुरते. मशिनींची दारं उघडायची नाहीत, कशाला हात लावायचा नाही.

गिरणीतली नोकरी सोडून त्यानं घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये अंडी उबवायचा धंदा मांडला होता. टाकीचा त्याचा अंदाज तेव्हाचा, एकच मशीन असतानाचा. आता दोन होत्या. मोठीत दुसऱ्या आठवड्यातली अंडी ट्रेवर ट्रे रचलेली होती, आणि धाकटीत मुदत भरलेली. त्यांच्या कवचांना सकाळपासून आतून टोचे पडायला लागले होते. शिवाय मे महिना. शेड इतकी तापली होती की दोन्ही मशिनींचे पंखे क्षणभरही थांबत नव्हते.

टाकी तीनच्या पुढे जात नाही, हे कौशल्याला काडी हातात धरून उभ्या उभ्याच कळलं. आणि टाकी पार कोरडी पडली की नळीत हवा शिरते, मग वरून कितीही डिझेल ओता, इंजिन उठत नाही. मागे एकदा तसं झालं होतं, तेव्हा महाल भागातून मिस्त्री येईस्तोवर अख्खा दिवस गेला होता. धाकट्या मशिनीतली पिल्लं पंख्याशिवाय घटकाभरही काढणार नव्हती; मोठीतली अंडी निदान काही तास तग धरू शकली असती.

सासू, तुळसाबाई, शेडच्या दाराशी बसली होती. कौशल्या तिच्यापाशी येऊन खाली बसली.

"मामी, डिझेल पुरत नाही. मोठी मशीन बंद करावी लागते."

"सांजवरी पुरते म्हणून सांगून गेला नं तो."

"तो एका मशिनीचा हिशेब आहे."

तुळसाबाईनं इंजिनाकडे पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाली, "त्याची सारी आस त्या मोठ्या मशिनीत हाय वं. अंडे नासले तं काय सांगशीन त्याले?"

रविंद्र मारझोड करणारा नव्हता, तापटही नव्हता. पण या शेडमध्ये ट्रे धुणं, अंडी फिरवणं, पाणी भरणं एवढं तिचं होतं. किती, केव्हा आणि कुठवर, हे त्याचं. तिला कधी कोणी विचारलं नव्हतं आणि तिनंही कधी सांगितलं नव्हतं. ती रस्त्याच्या वळणापर्यंत जाऊन पाहून आली. उन्हात कुत्रंही नव्हतं. परत येऊन तिनं पुन्हा काडी बुडवली, आणि या खेपेला खूण करायलाही न थांबता ती मोठ्या मशिनीच्या खटक्यापाशी गेली. हात लुगड्याला पुसून तिनं खटका खाली ओढला.

ओझं उतरल्यासारखा इंजिनाचा आवाज हलका झाला.

शेडमध्ये ठेवली तर ती अंडी उन्हानंच शिजली असती. घराच्या मधल्या खोलीत वाळ्याचे पडदे होते. कौशल्यानं ते तांब्यातांब्यानं भिजवले आणि एकेक ट्रे उचलून आत न्यायला लागली. तिसऱ्या ट्रेला दुसऱ्या बाजूनं हात लागला. तुळसाबाईचा. दोघींनी सगळे ट्रे आत नेऊन जमिनीवर मांडले. मग म्हातारीनं मधूनच एक अंडं उचललं, मिटलेल्या डोळ्याच्या पापणीला लावून ऊब पाहिली आणि परत ठेवलं.

"ऊन हाय अजून," ती म्हणाली.

दुपार सरता सरेना. एकजण पडदे भिजवी, दुसरी शेडमध्ये जाऊन इंजिनाचा आवाज ऐके. तीन वाजून गेले, चार वाजून गेले. धाकट्या मशिनीच्या काचेतून ओलीचिंब पिल्लं दिसू लागली. पण मोठ्या मशिनीतल्या अंड्यांचं काय झालं, ते कवचाबाहेरून कळणार नव्हतं.

रविंद्र आला तेव्हा ऊन भिंतीवर चढलं होतं. दिवसभर रांगेत उभं राहून एक डबा, तोही अर्धा मिळाला होता. चालू इंजिनाचा आवाज ऐकून त्याचा धुळीनं माखलेला चेहरा सैल झाला. टाकी सांजवर पुरते म्हणून आपण सांगितलंच होतं, असं काहीसं बोलत तो शेडमध्ये शिरला आणि मोठ्या मशिनीच्या उघड्या दारासमोर थबकला.

"हे कोणं बंद केलं?"

"म्या," तुळसाबाई मागून म्हणाली. "मले भेव वाटलं, म्हणून म्याच सांगतलं तिले."

आईसमोर रविंद्रनं कधी आवाज चढवला नव्हता. तो डबा उचलायला वाकला. गोष्ट तिथेच मिटली असती. कौशल्याच्या हातातल्या ओल्या फडक्यातून पाणी टपटपत होतं.

"मामीनं नाही," ती म्हणाली. "मीच बंद केली. टाकी पुरली नसती."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. मग भिंतीला टेकवलेली काडी घेऊन टाकीत बुडवली. फक्त टोक ओलं झालं. तो ते टोक न्याहाळत उभा राहिला. एक मशीन बंद असून ही गत. त्यानं डब्यातलं डिझेल टाकीत ओतलं, शेवटचा थेंब निथळेपर्यंत डबा उपडा धरून ठेवला, आणि मधल्या खोलीच्या दाराशी जाऊन जमिनीवर मांडलेल्या अंड्यांकडे पाहून आला.

"लाईन काही आज येत नाही," तो म्हणाला. "आता हे डिझेल किती वेळ चालन?"

तुळसाबाईला वाटलं, तो स्वतःशीच बोलतो आहे. पण तो कौशल्याकडे पाहत होता.

"ही धाकटी एकटी चालली तर मध्यरात्रीपर्यंत," कौशल्या म्हणाली. "दोन्ही लावल्या तर नाही सांगता येत मले."

त्याचा हात मोठ्या मशिनीच्या खटक्याकडे गेला होता. तो त्यानं मागे घेतला. मग त्यानं कौशल्याच्या हातातलं फडकं घेतलं, बादलीत बुडवलं आणि तो पडदे भिजवायला आत गेला.