तीन टिपक्यांची वाट

सायकल ही सपाटीची वस्तू आहे, असं आमच्या सोलापुरात सगळ्यांचंच मत होतं. माझं दुकान तुळजापूर वेशीजवळ. पंक्चर, ओव्हरहॉलिंग आणि भाड्याच्या बारा सायकली. त्र्याहत्तर साली मी रविवार सायकल मंडळ काढलं, तेव्हा शेजारचा टेलर म्हणाला, “विरुपाक्ष, सहा दिवस सायकली दुरुस्त करतोस, आता सातव्या दिवशी मोडायला डोंगरावर नेणार व्हय?” त्याला मी जे उत्तर दिलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. माझं डोकं तसं पहिल्यापासून गरमच.

डोंगर सापडला तो महिपतीमुळे. सव्वीस वर्षांचा, गिरणीत फोल्डिंग खात्यात, आणि मूळचा बार्शीच्या पलीकडच्या हिवरदरीचा. गाव डोंगराच्या पायथ्याशी, वर धावडा, खैर, पळस यांचं बरंच जंगल. बहात्तरच्या दुष्काळात सरकारनं माणसांना काम द्यायचं म्हणून त्या डोंगरावर बांध घातले, तळी खणली, खडी फोडली आणि त्यासाठी जागोजागी वाटा काढल्या. पाऊस आला, माणसं आपापल्या शेतात परतली, वाटा तशाच राहिल्या. आम्ही पहाटेच्या एसटीच्या टपावर सायकली टाकून जायचो आणि त्या आयत्या वाटांवर भटकायचो.

मंडळात सगळ्या तऱ्हेची माणसं. पोस्टातला तिप्पण्णा बायकोला कॅरिअरवर बसवून आणायचा आणि ती चहाला तेवढी खाली उतरायची. म्हणून मी वाटा वाटून दिल्या. दगडावर चुन्याचा एक टिपका असेल ती वाट कुणालाही जमेल अशी. दोन टिपके म्हणजे छातीत दम पाहिजे. तीन टिपके म्हणजे ज्याला आपल्या हाडांची काळजी नाही त्यानं जावं. जिथं धोका तिथं दगडाला तांबडा रंग, मडगार्डवर नावं घालायचा, माझ्या दुकानातलाच.

“तांबडा दगड दिसला की मुकाट उतरायचं,” मी दर रविवारी ओरडून सांगायचो. “दिसत न्हाई तवर ब्रेकला हात लावायचा न्हाई. रबरं फुकट झिजवू नका.”

महिपती हसायचा आणि घंटी वाजवायचा. त्याच्या घंटीची स्प्रिंग अर्धी तुटलेली होती. एकदा पूर्ण वाजायची आणि मग एक अर्धवट आवाज यायचा, बोलता बोलता कुणी गप्प व्हावं तसा. नवी बसवून देतो म्हटलं तर म्हणायचा, “राहू द्या अण्णा, गावात शिरलो की आई ह्याच आवाजावर चुलीवर चहा ठेवती.”

पंच्याहत्तरच्या माघात मी तीन टिपक्यांची नवी वाट काढली. महिपतीच्या त्या महिन्यात डबल पाळ्या होत्या, म्हणून एकट्यानंच. कोयत्यानं झुडपं तोडली, टिपके घातले. ही वाट वरून सुसाट खाली येते आणि दुष्काळातल्या खडीच्या खाणीच्या अलीकडे एकदम डावीकडे वळते. खाण तीस-पस्तीस फूट खोल, काठावर घाणेरीची काटेरी झुडपं माजलेली, जवळ जाईपर्यंत दिसत नाही. त्या वळणावर, वाटेच्या मधोमध, मी एक मोठा धोंडा ठेवला. त्यावर तीन टिपके घातले आणि बाकी सगळा तांबड्या रंगानं माखून काढला. तो गुरुवार होता.

रविवारी महिपती सगळ्यांच्या पुढे निघाला. खाण आहे हे त्याला माहीत होतं, पण नवी वाट तिच्या काठावरून जाते हे माहीत नव्हतं. आम्ही वर पंपानं हवा भरत होतो. बाराच्या सुमारास खालून घंटी ऐकू आली, एक पूर्ण आणि एक अर्धी. मग पुन्हा पूर्ण वाजली, आणि अर्धी आलीच नाही.

वळणावर दगड नव्हता. मी गुडघ्यावर बसून शोधला, घाणेरीत हात घालून रक्ताळून घेतले, खाणीत उतरून शोधला. तिथं महिपती होता, त्याची सायकल होती, पण तांबडा दगड कुठंही नव्हता. पंचनाम्यात लिहिलं की सदर ठिकाणी धोक्याची कोणतीही खूण आढळली नाही. महिपतीची आई दगडाबाई, विधवा बाई, एकुलता एक मुलगा. ती रडली नाही. माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “तू दगुड ठेवलाच न्हाईस.”

“मावशी, आईशप्पथ ठेवला हुता.”

“मग कुटं गेला? दगडाला पाय फुटलं व्हय?”

मंडळ बंद पडलं. पाठीमागे लोक काय बोलतात ते कानावर यायचं आणि मी गिऱ्हाइकांवर खेकसायचो. पण त्याहून वाईट गोष्ट वेगळीच होती. दोन-तीन महिन्यांनी माझा माझ्यावरचाच विश्वास उडाला. दगड उचलताना पाठीत निघालेली चमक आठवायची, डब्याच्या तळाशी राहिलेला रंग आठवायचा. मग वाटायचं, हे सगळं आपण मागाहून जुळवलं असेल. खरंच ठेवला होता का मी?

आणि घंटी वाजायला लागली. रात्री नाही, भर दुपारी बाराला, रस्ता उन्हानं रिकामा झाला की. एक पूर्ण, एक अर्धी. मी दुकानाबाहेर यायचो तर कुणी नसायचं. महिपतीची मोडकी सायकल मागच्या खोलीत पडलेली होती. तिची घंटी चेपून पार सपाट झाली होती, ती वाजणं शक्यच नव्हतं. तरी मी ती काढून कापसात गुंडाळून डब्यात ठेवली. दुसऱ्या दिवशी बाराला पुन्हा वाजली. मी घाबरलो हे सांगायला मला लाज वाटत नाही.

वर्ष झालं तेव्हा मी एकटाच हिवरदरीला गेलो. तीन टिपक्यांची वाट सायकल हातात धरून उतरलो. वळणावर पोचलो, दुपार झाली होती, पाखरूसुद्धा ओरडत नव्हतं. आणि अगदी पाठीशी घंटी वाजली.

मी वळलो नाही. घंटी माझ्या बाजूनं पुढे गेली, वाऱ्याची झुळूकही न लागता, आणि घाणेरीतून खाली जाणाऱ्या एका पाऊलवाटेवर पुन्हा वाजली. सरपणाला येणाऱ्या बायकांची ती वाट. मी मागोमाग गेलो. दुसरं काय करणार होतो?

पाऊलवाट गावाच्या कडेला एका कडुलिंबाखाली संपत होती. बुंध्याशी शेंदूर फासलेला देव होता, पुढे नारळाच्या करवंट्या, विझलेली पणती. शेजारी दगडाबाई बसली होती. वर्षात ती अर्धी झाली होती. मला बघून तिला नवल वाटलं नाही.

“आलास? आत्ता घंटी वाजली न्हवं?” ती म्हणाली.

मी सायकल बाजूला उभी केली. “तुमालाबी ऐकू येती?”

“रोज. बाराला. म्या उठून चहा ठेवती.” तिनं विझलेली पणती बाजूला सारली. “त्येला काय तरी इच्यारायचं हाय, म्हनून फिरतोय त्यो. ये हितं. ह्या देवावर हात ठेव आन् खरं सांग. दगुड ठेवला हुतास का न्हाईस?”

मी चप्पल काढली. याच क्षणाची मी वर्षभर वाट पाहत होतो. ठेवला होता, असं ओरडून सांगणार होतो.

“जागृत देव हाय,” ती सांगत होती. “महिपती गेला त्येच्या आदल्या शुक्कीरवारीच परगट झाला. म्या सरपनाला गेलते. बगती तर वाटंच्या मदीच तांबडालाल देव! कालपरवा तितं कायबी न्हवतं. पायदळी कसा ठिवायचा? लेकरावानी कडंवर घिऊन आनला. म्हनलं, माज्या महिपतीला संबाळ बाबा, सायकलीवर लई पळतोय.”

माझा हात दगडावर होता. पुढून शेंदराची पुटंच्या पुटं चढली होती, पण बोटं मागच्या बाजूला गेली. बुंध्याच्या बाजूला कुणाचा हात पोचला नव्हता. मी वाकून पाहिलं. तिथं शेंदूर नव्हता, मडगार्डचा रंग होता. त्यात माझ्या जुन्या ब्रशचे दोन केस अडकून वाळलेले. आणि त्याखाली चुन्याचे तीन टिपके.

मी ठेवला होता. बरोब्बर ठेवला होता. वर्षभरानं माझी छाती मोकळी झाली, आणि त्याच क्षणी तिचा चेहरा समोर दिसला.

“माजंच काय चुकलं आसंल,” ती हळू आवाजात म्हणाली. “देव घरी आनला आन् तिसऱ्या दिशी लेक गेला. शिवाशीव झाली आसंल, न्हाईतर निवद कमी पडला आसंल. रोज त्येला इच्यारती, बोलत न्हाई. तू तरी बोल की.”

मला संताप आला. तिचा नाही, माझाच. जन्म या मुलखात गेला. वाटेवर तांबडा दिसला की माणसं हात जोडतात हे मी लहानपणापासून बघत आलो. इथं तांबडा दगड दगड राहत नाही, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात यायला नको होती? पिवळा रंगही होताच की दुकानात, भरलेला डबा.

“बोल,” दगडाबाई म्हणाली.

त्याच दगडावर हात ठेवून मी म्हणालो, “न्हाय मावशी. न्हाय ठेवला. इसरलो मी.”

पार खोटंही नव्हतं ते. एक गोष्ट मी विसरलोच होतो.

तिनं डोळे मिटले. मला वाटलं मारेल, शिव्या देईल. तिनं लांब श्वास सोडला, आणि मुलाच्या मरणानंतर पहिल्यांदा, तिथंच बसून, मोठ्यानं रडली. मग पदरानं तोंड पुसून देवाकडे वळली आणि त्याच्यावरून हात फिरवला. “तुजं काय न्हवतं बाबा,” ती म्हणाली. “माजंबी न्हवतं.”

मी सायकल घेऊन निघालो. गावाबाहेर आलो तेव्हा मागून घंटी आली, एक पूर्ण, एक अर्धी. खरं काय ते आता मला आणि महिपतीलाच माहीत होतं. मी सायकल रस्त्याच्या कडेला घेतली आणि त्याला पुढे जायला वाट दिली.