भुवईवरची खोक

"ही कड कोणी कापली? वाकडी आहे," ठिपकेबाई म्हणाल्या.

स्टुडिओत फोटो कापणाऱ्याने प्रिंट उलटसुलट फिरवून पाहिली आणि सरळ आहे म्हणाला. ठिपकेबाईंना भांडणाची हौस नव्हती, पण आपलं खरं करायची होती. त्यांनी खणातून स्टीलची पट्टी काढून कडेला लावली. पट्टीही मध्यभागी वाकलेली दिसली, तारेवर ओला टॉवेल टाकल्यावर तार झुकते तशी. स्टील असं वाकत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. "असू दे, माझंच चुकलं," म्हणत त्यांनी पट्टी खणात सारली. कापणारा खूश झाला. बाई चूक कबूल करतात हे त्याने पहिल्यांदाच ऐकलं होतं.

जुने फोटो मोठे करून छापले की धुळीचे, भेगांचे, बुरशीचे पांढरे ठिपके उरतात. ते बारीक ब्रशने बुजवायचे, हे बाईंचं काम आणि त्यावरूनच स्टुडिओत पडलेलं नाव. कॉम्प्युटर आल्यावर मालकाने निम्मं सामान भंगारात काढलं, पण बाईंचं टेबल हलवलं नाही. यंत्र ठिपक्याबरोबर माणूसही पुसतं, असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा. हे कौतुक ऐकताना बाई पूर्वी लाजायच्या. आता त्या मान खाली घालून ब्रश धूत बसायच्या.

कारण पट्टीच्या आधीपासून काहीतरी बिनसलं होतं. वर्तमानपत्रातल्या ओळीच्या मधली अक्षरं गिळल्यासारखी वाटायची. एक डोळा झाकून पाहिलं, दुसरा झाकून पाहिलं. दोन्ही चोर निघाले. चष्म्याचा नंबर वाढला असेल अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. पण आईचं शेवटी असंच झालं होतं. ती माणसं आवाजावरून ओळखायची आणि कुणी गप्प बसलं की घाबरायची. बाईंना डॉक्टरकडे जायची भीती वाटत होती. डॉक्टर आजाराचं नाव सांगेल, आणि नाव कळलं की ते खरं होईल. मग मालक गोड बोलून घरी बसवेल. घरी बसून त्या काय करणार होत्या? त्यांना दुसरं काही येत नव्हतं.

त्याच आठवड्यात शिवणाचं दुकान चालवणारी एक बाई भावाचा फोटो घेऊन आली. भाऊ नुकताच गेला होता. कॅमेरा दिसला की तो पळायचा, त्यामुळे हा एकच फोटो होता, तोही बुरशीने खाल्लेला.

"बाकी सगळं साफ करा," ती ठिपकेबाईंना म्हणाली, "पण भुवईवरची खोक ठेवा. लहानपणी मी पाटी फेकून मारली होती त्याला. तेवढी जाऊ देऊ नका, ताई."

बाईंनी मान हलवली. खोक तांदळाच्या दाण्याएवढी होती आणि तिच्याभोवती सगळी बुरशी. कॉम्प्युटरवर साफसफाई करताना तीही गेली, म्हणून ती छापलेल्या प्रिंटवर ब्रशने परत रंगवायची होती. पूर्वी हे काम त्यांनी चहा निवायच्या आत केलं असतं.

त्यांनी खोक काढली. मान वर केली, पुन्हा खाली पाहिलं, तर भुवई अखंड. रंग सुकून फिका पडला असेल म्हणून परत काढली. परत भुवई सलग, नीट, कुणीच पाटी न मारलेली. जिथे दिसत नव्हतं तिथे मन आपल्या मर्जीने भुवई भरून टाकत होतं, आणि ती इतकी छान भरत होतं की संशय येऊ नये. काढलेलं दिसत नाही म्हणून त्या काढत राहिल्या, आणि मालकाने हाक मारली तेव्हा ब्रश ठेवून प्रिंट पाकिटात घातली.

शिवणवाली काउंटरवर उभी होती. मालकाने पाकिटातून प्रिंट काढली आणि त्याचा चेहरा उतरला. बाई जवळ आल्या. घाबरून त्यांनी नजर चुकवली, गिऱ्हाइकाच्या पर्सकडे पाहिलं, आणि त्याच वेळी बाजूला पडलेली प्रिंट त्यांना दिसली. खोक भुवई चिरून कपाळावर बोटभर चढली होती.

मालक माफी मागायला तोंड उघडणार तोच शिवणवाली बोलली.

"एवढीच होती," ती म्हणाली. "फोटोत कशी कोण जाणे, लहान आली होती. तुम्हाला बरोबर दिसली, ताई."

तिने डोळे पुसले, प्रिंट छातीशी धरली आणि गेली. मालकाने मूळ फोटो आधी पाहिला होता. त्याने बाईंकडे पाहिलं, मग काउंटरवरचा कागद उगाच सरळ करत म्हणाला, "ठिपकेबाई, उद्या येऊ नका. आधी डोळे दाखवा. टेबल कुठे जात नाही."

टेबल कुठे जाणार नव्हतं हे खरं असावं. पण बाई रस्त्याने अंग चोरून चालल्या होत्या. समोरून येणाऱ्या माणसांना खांदे होते, पिशव्या होत्या, आणि चेहऱ्यांच्या जागी नुसता काळसर मळ.

घरी नवरा खिडकीशी बसून शर्टाला बटण लावत होता. बस चालवायचं सोडल्यापासून तो असली कामं हौसेने आणि वाईट करायचा. बाईंनी चप्पलही न काढता त्याला सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला. मग थट्टा करायची म्हणून म्हणाला, "बरंच झालं की. मी म्हातारा झालेलं तुला कळायचंच नाही." पण सुई त्याने बोटात टोचून घेतली, आणि ते बोट शर्टाखाली लपवलं.

बाई त्याच्यासमोर बसल्या आणि थेट त्याच्याकडे पाहिलं. मिशी काळी होती. गेले कित्येक दिवस ती त्यांना काळीच दिसत होती, आणि ती पांढरी होऊन वर्षं लोटली होती. डोळ्यांतला मळ ओठांवर बसला होता आणि मनाने त्याची मिशी करून टाकली होती. पट्टी वाकली तेव्हा वाटली नव्हती एवढी भीती त्यांना आता वाटली. समोर बसलेल्या माणसाला त्या किती दिवस पाहतच नव्हत्या.

त्यांनी नजर हळूहळू सरकवली, त्याच्या कानावरून मागच्या भिंतीवर. तेव्हा नजरेच्या कडेला तो आला. अंधुक, गाल बसलेला, पांढऱ्या मिशीचा, घाबरलेला.

"तिकडे काय बघतेस?" तो म्हणाला. "इकडे बघ ना."

"तुम्हालाच बघतेय," भिंतीवरची नजर न हलवता बाई म्हणाल्या. "हलू नका."