वाऱ्याकडे तोंड

पोत्यातून पुढचा पक्षी ओढताना मर्टलचा हात थांबला. पारव्याचं पीस तिच्या बोटांच्या ओळखीचं होतं. जरा ओढलं की मूठभर हातात येतं. हे पीस रेशमासारखं होतं आणि पक्ष्याला वजनच नव्हतं. तिनं तो दिव्याखाली धरला. पानाच्या आकाराचा पांढराशुभ्र चेहरा, मिटलेले काळे डोळे. गव्हाणी घुबड. शेतमालक ऑल्डरिजच्या कोठारात राहायचं आणि रोज संध्याकाळी चराच्या कडेनं आवाज न करता उडत जायचं, तेच.

"हेडली, माझ्या हातात काय आहे?"

तिचा नवरा शेगडीपाशी बसून चिखलाचे बूट काढत होता. "पारवा. पोत्यात दुसरं काय असणार?"

ती त्याच्यापासून चार हातांवर उभी होती. पांढरा पंख तिनं पुरता उघडून धरला होता.

"नीट बघ."

"बघितलं की. पारवा."

"जवळ ये आणि बघ."

तो कुरकुरत आला. कोंबडी दाण्याकडे बघते तशी मान तिरकी करून त्यानं पाहिलं. मग पक्षी हातात घेतला. बोटं पंखावरून पायांपर्यंत, पायांवरून चेहऱ्यापर्यंत गेली आणि तिथेच राहिली.

"उजेड कमी होता," तो म्हणाला.

"उजेड कमी झाला की बंदूक खाली ठेवायची असते. हे अख्ख्या गावाला तूच शिकवलंस."

"एका घुबडावरून काय हे! कोंबडीची मान मुरगाळताना नाही गं रडत तू."

"मी रडत नाहीये, हेडली."

खरोखरच रडत नव्हती. राग आला की मर्टलचा आवाज आणखी खाली जायचा. चॅपलमधल्या तिच्या वर्गातली पोरं तिच्या ओरडण्याला नाही, त्या खालच्या आवाजाला घाबरायची. तिनं घुबड जुन्या टॉवेलात गुंडाळलं, मागच्या दारी झुडपाखाली खड्डा खणून पुरलं आणि हात धुऊन उरलेले पारवे सोलायला बसली.

हेडली टॉइननं आयुष्यभर इंग्लंडातल्या लिंकनशरच्या त्या सपाट मुलखातले चर साफ केले. उन्हाळाभर गुडघाभर पाण्यात गवत कापायचं, आणि हिवाळा आला की ऑल्डरिजच्या मोहरीवर राखणीला बसायचं. बाकी सगळं गोठून जातं तेव्हा त्या काळ्या मातीवर मोहरीचं तेवढं हिरवं पान उरतं. मग रानपारव्यांचे थवेच्या थवे उतरतात आणि पीक देठापर्यंत ओरबाडून खातात. त्यांना मारायचं तर हाकलून चालत नाही; बोलवावं लागतं. खोटे पारवे मांडून खरे बोलवायचे, ह्यात हेडलीचा हातखंडा होता. लोक म्हणायचे, हेडलीनं मांडलेले खोटे पारवे बघून त्याची कुत्री फ्लॉससुद्धा फसते. हे तो हसण्यावारी न्यायचा, पण दर हिवाळ्यात कुणीतरी ते म्हणेपर्यंत त्याला चैन पडत नसे.

गेल्या वर्षापासून गाडी मर्टल चालवायची. गुडघा दुखतो, असं त्यानं सांगितलं होतं. फ्लॉसनं यंदा त्याच्याबरोबर जायचं सोडलं होतं. बंदूक खांद्याला लागली की ती टेबलाखाली जाऊन बसायची. म्हातारी झाली, असं हेडली म्हणायचा.

शनिवारी मर्टलनं त्याच्याबरोबर स्वतःचाही डबा भरला.

"तुझं काय काम तिथं?"

"तू कसा मारतोस ते बघायचंय."

"चाळीस वर्षांत नाही बघावंसं वाटलं."

"आज वाटलं."

शेताच्या कडेला, चराच्या काठावर त्याचं लपण होतं: चार काठ्या, जाळी, वर वाळक्या फांद्या. त्यानं टोपी काढली, गाल फिरवला आणि वारा कुठून येतोय ते कातडीनं ओळखलं. मग मोहरीत जाऊन तो खोटे पारवे मांडायला लागला. एकेक खुंटी रोवायची, एकेक पक्षी बसवायचा, चोच वाऱ्याकडे. घोड्याच्या नालासारखी रांग, आणि मधोमध मोकळी जागा. येणारा पारवा वाऱ्यावर तोंड करून नेमका त्याच जागेत उतरतो, कारण जेवायला बसलेल्यांच्या डोक्यावर कुणी उतरत नाही. खुंटीवरून खुंटीकडे तो हातानं चाचपत चालला होता, तरी रांग जराही वाकडी झाली नाही. मर्टल एवढी रागात होती, तरी क्षणभर तिला त्याचा अभिमान वाटला.

मग तिनं बेचकं पाहिलं. लपणाच्या तोंडाशी त्यानं एक बेचक्याची काठी पक्की रोवून ठेवली होती. आत येऊन बसल्यावर त्यानं बंदुकीची नळी त्या बेचक्यात टेकवली. नळीचं तोंड आपोआप त्या मोकळ्या जागेवर आलं.

पहिला पारवा आला. हेडलीनं वर पाहिलंसुद्धा नाही. जागा काळवंडली, बार झाला, पारवा पडला. दुसरा आला, पडला. तिसरा.

मर्टल बघत राहिली. तो पारव्यांना मारतच नव्हता. तो जागेला मारत होता. तिथं जे येईल ते पारवाच असणार, एवढ्या भरवशावर सगळं चाललं होतं. मांडणी इतकी चोख की भरवसा बहुतेक वेळा खरा ठरायचा. घुबड आलं, तेही मेलं.

"हेडली—"

"श्श. येतोय मोठा."

जागा पुन्हा काळवंडली होती. पलीकडून, मोहरी तुडवत, काळा कोट घातलेला एक माणूस सरळ लपणाच्या दिशेनं येत होता. हेडलीचा खांदा ताठला. मर्टलनं दोन्ही हातांनी नळी धरून खाली दाबली. बार मातीत गेला. चिखल उडाला, एक खोटा पारवा खुंटीसकट उडून चरात पडला. माणूस मोहरीत आडवा झाला होता.

"अहो! मी आहे! मी, जाइल्स!"

तो उठला. गुडघ्यापासून हनुवटीपर्यंत चिखल. शेताचा मालक जाइल्स ऑल्डरिज. लहानपणी चॅपलच्या रविवारच्या वर्गात मर्टलच्या हाताखाली होता, आणि अजूनही तिला बाई म्हणायचा. तो हसायला लागला, पण हसू तोंडावर टिकत नव्हतं.

"वाऱ्यानं खाल्ली वाटतं माझी शिट्टी," तो म्हणाला.

"कसली शिट्टी?" मर्टलनं विचारलं.

"घालतो ना मी. फाटकापासून शिट्टी घालतच येतो. गेल्या हिवाळ्यापासून आमचं तसं..." बोलता बोलता तो थांबला.

हेडली गुडघ्यांवर बसून काडतुसांच्या डब्यात हात घालून उगाच काहीतरी शोधत होता.

"गेल्या हिवाळ्यापासून," मर्टल म्हणाली. "म्हणजे तुला माहीत होतं."

"बाई, वयाप्रमाणे थोडं कमी दिसतं, सगळ्यांचंच होतं. पण पारवे पडतायत ना? हेडलीसारखं मांडणारं माणूस मला कुठून मिळणार? तो गेला तर ह्या शेतात पान उरणार नाही."

"चराच्या वाटेनं पोस्टमन जातो. तो कोणती शिट्टी घालतो?"

"बाई, तुम्ही उगाच फार—"

"माझ्या वर्गाला येणारी पोरं त्याच वाटेनं येतात. त्यांना शिकवलीस का शिट्टी? का ती फक्त मालकानं घालायची?"

"मर्टल, पुरे," हेडली खालून म्हणाला.

"पाच वर्षांचा असताना तू वर्गात बिस्किटं लपवायचास, जाइल्स. तेव्हा निदान तोंड तरी लाल व्हायचं तुझं."

ऑल्डरिज बूट आपटत निघून गेला. फाटकापर्यंत त्यानं एकदाही मागं पाहिलं नाही, पण वाट मात्र लपणापासून लांबची धरली.

दोघं गाडीतून घराकडे निघाली. वळणावर मर्टल म्हणाली, "बंदूक देऊन टाक."

"आणि मी काय करू? तुझ्याबरोबर चॅपलच्या खुर्च्या पुसू?"

"पूस की. खुर्ची मरत नाही."

"तुला काय कळणार? मी तिथं बसलो की मला सगळं दिसतं. वारा दिसतो, कुठून येणार, कुठं वळणार, कुठं उतरणार, सगळं दिसतं मला. घरात तुझं तोंडसुद्धा दिसत नाही." तो थबकला. हे वाक्य त्याला बोलायचं नव्हतं.

मर्टलनं गाडी बाजूला घेऊन थांबवली.

"कधीपासून?"

"मधलं सगळं गेलंय. कडेकडेचं तेवढं सावलीसारखं दिसतं." तो काचेकडे तोंड करून बोलत होता. "हे बघ, गुरुवारी दुपारी तो पोलीस पिंचबेक येणारे, बंदुकीच्या परवान्याचं बघायला. तू चॅपलमध्ये असशील. तुला कुणी काही विचारणार नाही आणि तुला खोटं बोलावं लागणार नाही. मी सगळा विचार केलाय."

ह्या शेवटच्या वाक्याचा तिला सगळ्यांत जास्त राग आला.

गुरुवारी ती चॅपलमध्ये गेली. रोज सकाळी चहाच्या आधी गुडघे टेकून ती एकच मागणं मागत आली होती: आज माझ्या जिभेवर खोटं येऊ नये. लग्नाआधीपासूनचा नेम. तो तिनं आजवर मोडला नव्हता, आणि हेडलीनं नेमका त्याचाच हिशेब धरून वेळ ठरवली होती. बाईचा नेम मोडायला नको, बंदूकही जायला नको. तिनं खुर्च्या पुसल्या. फुलांचं पाणी बदललं. हार्मोनियमवरून फडकं फिरवताना तिला त्या चराच्या वाटेवरची पोरं दिसायला लागली, एकमेकांना ढकलत, बडबडत, शिट्टी न घालता येणारी. इतकी वर्षं आपण फक्त खोट्याबद्दल मागितलं, गप्प बसण्याबद्दल कधी काही मागितलंच नाही, हे ध्यानात आलं आणि तिला स्वतःचाच संताप आला. फडकं तिथेच टाकून ती निघाली. कोटाची बटणं लावायलाही थांबली नाही.

स्वयंपाकघरात हसण्याचे आवाज येत होते. कॉन्स्टेबल पिंचबेक निघण्याच्या बेतात उभा होता. टेबलावर रिकामे कप. बंदुकीचं कपाट उघडून, बघून, पुन्हा कुलूप लावून झालं होतं.

"या मिसेस टॉइन! तुमच्या नवऱ्यानं चहा काय फक्कड केला हो! माझी बायको मला किटलीला हात लावू देत नाही."

कपाच्या काठावर आतून बोट ठेवून चहा किती चढला ते बघायची हेडलीची नवी सवय तिला आठवली.

"झालं तुमचं?" तिनं विचारलं.

"झालंच. सगळं जागच्या जागी. ह्यांच्याकडून शिकावं लोकांनी."

हेडली दाराकडे तोंड करून उभा होता. ती आली आहे हे त्याला कळलं होतं. त्यानं हळूच मान हलवली: नको.

"कॉन्स्टेबल," मर्टल म्हणाली. तिचा आवाज इतका खाली गेला की पिंचबेकला पुढं वाकावं लागलं. "माझ्या नवऱ्याला दिसत नाही."

शेगडीत कोळसा सरकला. हेडली मोठ्यानं हसला. "बायकांचं हे असं! मी तिचा वाढदिवस विसरलो, त्याचा राग आहे हा. सांग की तसं, मर्टल."

तिनं पिंचबेकवरची नजर काढली नाही.

पिंचबेकनं आधी तिच्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. मग त्यानं हात पुढं केला, निरोप घेताना माणूस करतो तसा, आणि तसाच धरून ठेवला.

हेडली त्याच्या तोंडाच्या दिशेनं बघून हसत होता. त्याचे दोन्ही हात अंगालगत होते. पुढं आलेल्या हाताकडे त्यातला एकही हलला नाही.

"बरं," पिंचबेक शेवटी म्हणाला आणि हात मागं घेतला. त्याचा चेहरा उतरला होता. "किल्ली द्या, मिस्टर टॉइन. मला वाईट वाटतं, पण किल्ली द्या."

पिंचबेक बंदूक खोळीत घालून गाडीतून घेऊन गेला तेव्हा हेडली दारात उभा राहून चाकांचा आवाज ऐकत होता. आवाज संपल्यावर तो एवढंच म्हणाला, "घुबडाची किंमत पुरेपूर वसूल केलीस." त्यानंतर तो तिच्याशी बोलला नाही.

ऑल्डरिजचा निरोप आला. येणं-जाणं काही नाही, फोन. उरलेली काडतुसं पाठवून द्या, शेताच्या खर्चातली आहेत. मर्टलनं डबा स्वतः नेऊन त्याच्या पायरीवर ठेवला, दार वाजवलं नाही. मग शेतात पाखरं उडवायला गॅसवर चालणारी, नुसता आवाज करणारी एक तोफ आली. दिवसभर ती आपली आपण धडाडायची. तिच्या प्रार्थनेच्या वेळी खिडकीच्या काचा थरथरायच्या. पहिले दोन दिवस पारवे उडाले. मग ते तोफेच्या अंगावर बसायला लागले.

आठवड्यानं कडक थंडी पडली. मर्टल सकाळी गुडघ्यांवरून उठली तेव्हा हेडलीचे बूट दारात नव्हते आणि कोपऱ्यातली खोट्या पारव्यांची पिशवीही नव्हती. फ्लॉसचा पट्टा खुंटीवर नव्हता. तिनं चहा भरून घेतला आणि चराच्या वाटेनं निघाली.

तो लपणात बसला होता. कुत्री त्याच्या पायाशी पसरली होती, निर्धास्त. बेचकं उपटून बाजूला टाकलेलं. मर्टल वाकून आत शिरली आणि शेजारी बसली. त्यानं जागा करून दिली नाही. पण तो उठलाही नाही.

तिनं जाळीतून पाहिलं. पारव्यांनी शेत करडं झालं होतं. थव्यामागून थवे वाऱ्यावर वळत येत होते आणि त्यानं मांडलेल्या नालाच्या मधल्या मोकळ्या जागेत उतरत होते. ती जागा भरली तेव्हा ते कडेनं उतरू लागले, मग सगळीकडेच. मोहरीची पानं फाटत असल्याचा बारीक आवाज सगळ्या शेतातून येत होता. लांब तोफ धडाडली. काहींनी माना वर केल्या, पुन्हा खाली घातल्या.

हेडलीनं विचारलं, "तोंडं कुठं आहेत?"

"वाऱ्याकडे."

"माझ्यांची का त्यांची?"

मर्टलनं पुन्हा पाहिलं. त्याचे कुठले आणि त्यांचे कुठले, हे तिला आता सांगता येत नव्हतं.

"सगळ्यांची," ती म्हणाली.

त्यानं हात पुढं केला. तिनं चहाचा कप त्याच्या बोटांत नीट बसवला. समोर ऑल्डरिजची मोहरी देठापर्यंत खाल्ली जात होती. मर्टल नुसती उठून उभी राहिली असती तरी सगळे उडाले असते. तिनं कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावली, हात खिशात घातले आणि बसून राहिली.