तुळसाबाईची थुंकी

"या बाटलीवर कोणाचं नाव टाकू, गोपिकाबाई?" केशवनं विचारलं.

"तुळसाबाई टाक. माह्या सासूचं. जित्तेपणी कोणाच्या कामी आली नाही, मेल्यावर तरी येऊ दे."

केशव हसला. गोपिकाबाई अंड्याचा पांढरा बलक फेटत राहिली. नागपूरच्या त्या लॅबमध्ये ती खोटी थुंकी बनवायची. बलक खऱ्या थुंकीइतका चिकट झाला, की केशव त्यात टीबीचे मारलेले जंतू मिसळायचा. मग कुण्या पेशंटची म्हणून ती बाटली गावोगावच्या लॅबला जायची. जंतू सापडले तर लॅब पास, नाहीतर नापास.

होळीनंतर सावनेरहून उत्तर आलं.

"तुमच्या सासूले काहीच नाही झालं म्हणते सावनेरवाले," केशव म्हणाला. "एक जंतू नाही दिसला त्यायले. अन् म्या तं ठासून भरले होते."

"म्हातारी तशीच होती. कोणाले थांग..."

फेटणारा हात थांबला.

सावनेरला तिची लेक दिली होती. गेल्या, ऐंशी सालच्या दिवाळीत प्रेमलता खोकत माहेरी आली, त्याआधी तिची थुंकी सावनेरच्या याच लॅबनं तपासली होती. काही नाही, म्हणाले होते. गोपिकाबाईनं चारचौघांत लेकीला सुनावलं होतं, "नाटकं पुरे झाली. जाय आपल्या घरी."

"केशव, कोरी बाटली दे."

"काहून?"

"दे म्हटलं ना."

सावनेरला प्रेमलता ओट्यावर तूर पाखडत होती. अंगावरचं लुगडं खुंटीला टांगल्यासारखं लोंबत होतं. आईला पाहताच तिनं पदर तोंडात कोंबला.

"थुंक वं याच्यात."

"मले काही नाही झालं, माय. तूच तं म्हणे. आता मी खोकत नाही कोणासमोर."

"खोक."

प्रेमलतानं पदर सोडला. मग परवानगी मिळाल्यासारखी ती खोकतच राहिली. तिची सासू दारातून डोकावून आत गेली.

गोपिकाबाईनं झाकण घट्ट लावलं. आत लाल धागा तरंगत होता. तो पाहायला भिंग लागत नव्हतं.

आजवर तिच्या हातून गेलेल्या बाटल्या फ्रिजमधल्या, थंडगार. ही मुठीत गरम लागत होती. परतीच्या एस्टीत तिनं ती पदराखाली, पोटाशी धरली. वाटेतलं पाटणसावंगी यायच्या आत तीही गार झाली.