दोन पायऱ्यांची उंची

मी एक जुनी शिडी आहे. शिडी म्हटले की तुम्ही मान वर करून गच्ची शोधाल. एवढे वर बघायचे कारण नाही मित्रांनो. मला जन्मापासून दोनच पायऱ्या, आणि त्यातलीही वरची परवा निखळली. कपडे धुण्याच्या एका मोठ्या कारखान्याच्या तळघरात, साबणाच्या रिकाम्या पिंपामागे मी आडवी पडले आहे. उभी होते तेव्हा मी काय काय पाहिले ते तुम्हाला सांगते. ऐकायला गोड वाटणार नाही.

एका सुताराने मला उरलेल्या फळ्यांतून बनवले. दारांचे काम संपले, चार तुकडे शिल्लक राहिले, ते टाकून द्यायचे त्याच्या जिवावर आले. पण ठोकले मात्र मन लावून. पायऱ्यांच्या कडा त्याने घासून घासून अशा गोल केल्या की कुणाच्या पायाला कुसळ लागू नये. वरच्या फळीवरचे चादरींचे गठ्ठे काढायला म्हणून मी कारखान्यात आले. दिवसातून चार वेळा कुणीतरी माझ्यावर चढे. उरलेला वेळ मी भिंतीला टेकून गंमत बघे.

गंमत म्हणजे दोन बायकांची. एकीला दोन मुले होती, तिला मी आई म्हणेन. दुसरीला ती मुले मावशी म्हणत, म्हणून तीही आपली मावशीच. सख्खी नव्हे, पण नऊ वर्षे एकाच चादरीची टोके धरलेली. हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी वाळवण्याच्या यंत्रातून गरमागरम बाहेर पडत. आईने दोन टोके धरायची, मावशीने दोन धरून मागे जायचे, चादर ताणायची, एक जोरदार झटका द्यायचा आणि चालत येऊन टोकांना टोके मिळवायची. हात सतत खांद्याच्या वर. टोक जमिनीला लागले की चादर पुन्हा धुवायला जाई आणि मुकादमाची बोलणी खावी लागत. पण त्यांच्या चादरी कधी खाली लागत नसत. घरातली भांडणे, भाजीचे भाव, सासूचे टोमणे, सगळे त्या चादरीवरून इकडून तिकडे जाई आणि हात आपले काम करत राहत.

दुपारी शाळा सुटली की मुले तिथेच येत, कारण घरी सांभाळायला कोणी नव्हते. मुलगी आठ वर्षांची. तिला सगळे मुंगी म्हणत, कारण तिला स्वस्थ बसवत नसे. उलटे अभ्रे सुलटे कर, टॉवेलांच्या चळती लाव, सांडलेले पाणी पूस, असे तिचे चाललेले असे. धाकटा सहा वर्षांचा. तो पायमोज्यांच्या जोड्या लावता लावता टॉवेलांच्या ढिगात झोपून जाई. येणारेजाणारे म्हणत, "काय गुणाची पोरं आहेत." मुले खूश होत आणि आणखी काम शोधत.

एके दिवशी मावशीचा उजवा खांदा धरला. हात छातीच्या वर जाईना. त्या आठवड्यात सात चादरी जमिनीला लागल्या. मुकादम खाली आला. तो आवाज चढवणारा माणूस नव्हता, हळूच बोलायचा.

"बाई, हात चालत नसेल तर तसं सांगा. बाहेर कामाला माणसं कमी नाहीत."

"नाही साहेब, जरासा लचकलाय. होईल बरा," मावशी म्हणाली. तिचा नवरा दोन वर्षे अंथरुणाला खिळलेला होता. ही नोकरी गेली तर दोघांच्या तोंडात घास कुठून पडणार, हे तळघरात सगळ्यांना माहीत होते. मुकादमालाही माहीत होते.

तो वर गेल्यावर मुंगी माझ्याकडे आली. मला फरफटत तिने मावशीच्या जागी नेले, वरच्या पायरीवर चढली आणि हात उंच केले. तिची बोटे बरोबर मावशीच्या बोटांएवढी वर पोचली.

"मावशी, तू बस. तुझी टोकं मी धरते."

"अगं, पडशील."

"ही हलत पण नाही. बघ."

खरेच, मी हलले नाही. मला तर आभाळ ठेंगणे झाले होते. आता चालण्याचे काम आईकडे आणि उभे राहण्याचे मुंगीकडे, असे ठरले. मावशी बसून अभ्र्यांच्या घड्या घाली. धाकटा जिन्याच्या तोंडाशी पहारा देई. मुकादमाचे बूट वाजले की तो खोकायचा, मुंगी टुणकन खाली उतरायची आणि मावशी दात आवळून टोके हातात घ्यायची. सकाळच्या चादरी आई बाजूला ठेवून देई आणि मुले आली की तिघी मिळून ढीग संपवत. तीन आठवडे असे गेले. एकही चादर परत गेली नाही. आपण एका घराची चूल वाचवली, असे त्या आठ वर्षांच्या पोरीला वाटत होते, आणि ते खोटे नव्हते.

मग एक दिवस मुकादम जिन्याने आलाच नाही. सामानाच्या लिफ्टमधून आला, आणि आमच्या पाठीमागे उभा राहून त्याने सहा चादरींच्या घड्या होईपर्यंत पाहिले. नंतर टाळ्या वाजवल्या. खिशातून पेपरमिंटची गोळी काढून मुंगीच्या हातावर ठेवली.

"शाबास. किती दिवस करतेस हे?"

मावशी धडपडत उठली. पण मुंगीने गोळी पाहिली, टाळ्या ऐकल्या, आणि तिला वाटले, माणूस चांगला आहे. खरे सांगितले तर मावशीला उघडपणे बसायला मिळेल.

"तीन आठवडे. मावशीचा हात दुखतो ना, म्हणून तिचं सगळं मीच करते."

"सगळं?"

"सगळं. हो की नाही गं आई?"

मुकादम मावशीकडे वळला. त्याच्या आवाजात साखर होती.

"मग तुम्ही आराम करा ना बाई. उगाच कशाला त्रास? उद्यापासून येऊ नका."

मावशीने आईकडे पाहिले. नऊ वर्षांत पहिल्यांदाच ती आईकडे काहीतरी मागत होती. "पोर आहे साहेब, तिचा खेळ चाललाय," एवढे एक वाक्य पुरे झाले असते. पण आईला स्वतःच्या भाकरीची भीती वाटली. मूग गिळून ती हातातली घडी सरळ करत राहिली. ती घडी आधीच सरळ होती. मला तोंड असते तर मी बोलले असते, असे म्हणणे सोपे आहे. खरे तर मी तेव्हाही मुकादमाच्या "शाबास"मधला माझा वाटा मोजत होते.

जाताना मावशीने मुंगीच्या डोक्यावरून हात फिरवला. "गुणाची गं माझी बाई," म्हणाली. मुंगी अजून माझ्यावरच उभी होती, तरी तो हात तिच्या डोक्यापर्यंत पोचला. तो उजवा हात होता.

दुसऱ्या दिवसापासून मुंगी सकाळीच येऊ लागली. मुलगी आजारी आहे, असा निरोप आईने शाळेत धाडला. आधी मुंगीच्या हाताने एक ढीग संपायचा, आता चार. तिचे दंड सुजत. खाली उतरायला मागितले की आई खेकसे, "तुला कोणी सांगितलं होतं शहाणपणा करायला?" मायलेकींत चादरीवरून जाणारे बोलणे तेवढेच.

एका सुट्टीच्या दिवशी दोघे भावंडे मावशीच्या घरी गेली. हे मी पाहिले नाही, धाकटा टॉवेलांत बसून स्वतःशीच बडबडत होता ते ऐकले. मावशीने त्यांना पाणी दिले. आतून खाटेवरून नवऱ्याने विचारले, "हीच का ती?" मावशी म्हणाली, "लहान आहे हो ती." तो म्हणाला, "आई तर मोठी आहे ना तिची." मुले पाणी न पिताच परत आली.

परवा जेवणाच्या सुट्टीत आई बाहेर गेली तेव्हा मुंगीने मला आडवे केले. धाकट्याने माझे पाय धरले. मुंगीने नळाची लोखंडी कांब आणली आणि माझ्या वरच्या पायरीवर घाव घालायला सुरुवात केली.

"ही नसली की माझा हात पोचणार नाही," ती भावाला सांगत होती. "मग त्यांना मावशीला बोलवावंच लागेल."

मला राग आला. मी तिला उंच केले आणि हे माझे बक्षीस, असे मनात आले. सुताराने ठोकलेले खिळे सहजी सुटणारे नव्हते. अकराव्या घावाला पायरी निघाली. मुंगीचे तळहात फुटले होते, तरी मी तिला एवढे खुशीत कधीच पाहिले नव्हते.

आईने आल्या आल्या तिच्या मुस्काटात मारली. मुकादम धावत खाली आला.

"मारू नका बाई, कामाची पोर आहे," तो म्हणाला. माझ्याकडे त्याने एकदाच पाहिले आणि मिस्त्रीला हाक मारली. "इथे सिमेंटचा ओटा बांध. ही शिडीबिडी नको. मोडायची कटकटच नको."

मिस्त्रीने टेप काढून मुंगीची उंची मापली. मुकादमाने टॉवेलांतून धाकट्याला उठवले आणि पुढे उभे केले. "याचीही घे."

"दुसरा ओटा कुठे करू साहेब?"

"समोर. बाई चालत येतात-जातात ना, तिथे. तेवढा लांब कर."

"पोरगा फारच बुटका आहे."

"म्हणून तर तो जरा उंच कर."

आईच्या हातातली चादर जमिनीला लागली. तिने मुकादमाकडे पाहिले, मग ज्या दारातून मावशी गेली होती तिकडे पाहिले. तिथे तिच्या बाजूने बोलणारे आता कोणीही नव्हते.

मित्रांनो, आम्हा वस्तूंच्या गोष्टी संपताना आम्ही तुम्हाला सांगतो, आमची निगा राखा, आम्हाला जपा. मी तसे म्हणणार नाही. तुम्ही घरात मदत करा, शेजारी करा, मुंगीसारखी मनापासून करा. तिचे काहीही चुकले नव्हते. पण कोणी तुमच्या कामाला टाळ्या वाजवल्या, तर गोळी तोंडात टाकायच्या आधी विचारा, की आता त्या मावशीचे काय करणार? आणि उत्तर मिळेपर्यंत हात खाली ठेवा.

ओटे आज बांधून झाले, वाळायला चार दिवस लागतील. तेवढे दिवस काम थांबू नये म्हणून मला दुरुस्त करायचे ठरले आहे. "दोन खिळ्यांचं काम," असे म्हणून मिस्त्री हातोडी आणायला वर गेला आहे. पलीकडच्या खोलीत पाणी तापवायची भट्टी पेटलेली आहे. तो खाली यायच्या आत, तुमच्यापैकी कोणीतरी मला उचला आणि तिच्यात टाका.